पडद्यावरची माणसं आणि आपली धिटाई : एका अभ्यासाची प्रस्तावना

चित्रपट पाहून माणूस काहीतरी उचलतो, हे कुणी नाकारत नाही. काय उचललं असं विचारलं, की मात्र बहुतेकांची उत्तरं केसांच्या वळणापाशी आणि कपड्यांपाशी थांबतात. १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ आला आणि साधना कट गावोगाव पोहोचला. पुढे राजेश खन्नाचा गुरू कुडता आला, कानांवर केस सोडणारा अमिताभ आला. ही नक्कल डोळ्यांना दिसते म्हणून तिची नोंद होते. तिच्या आड आणखी एक शिकणं चालू असतं. अनोळखी माणसापुढे उभं कसं राहावं, नजर कुठे ठेवावी, बोलण्याला सुरुवात कशी करावी, आवडलेल्या माणसाला ते कळू कसं द्यावं आणि नकार आलाच तर मान न घालवता परत कसं फिरावं, हे घरात कुणी शिकवत नाही. शाळेत तर नाहीच. आपल्यापैकी पुष्कळांनी ते थिएटरच्या अंधारात, आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर, कुणाच्याही नकळत गिरवलेलं असतं. हा अभ्यास त्या गिरवण्याचा आहे.

विषय ऐकून गंभीर वाचक थोडा बिचकेल, याची मला कल्पना आहे. ‘आत्मविश्वास’ हा शब्द व्याख्यानमालांनी पार झिजवून टाकला आहे, आणि कुणावर छाप कशी पाडावी ही चर्चा कट्ट्यावरची समजली जाते. तरीही अशा वाचकांनी थोडा धीर धरावा. बुजरेपणाची किंमत फक्त प्रेमातच मोजावी लागते असं नाही. अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसून लेखी परीक्षा पार करणारा मुलगा मुलाखतीच्या दारात अडखळतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मोठी माणसं ‘तुम्ही दोघं बोला जरा’ म्हणून उठून जातात आणि मागे राहिलेल्या दोघांना ती पंधरा मिनिटं संपता संपत नाहीत. आयुष्याचा जोडीदार ठरवण्याच्या क्षणी दोन शहाणी, शिकलेली माणसं ‘शिक्षण कुठे झालं’ याच्यापुढे जाऊ शकत नसतील, तर त्यांना पुढचं बोलणं शिकवणारी जागा कुठली, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

हा विषय वाशीममधून मांडावा याला जुनं आणि मोठं निमित्त आहे. वाशीम जिल्हा म्हणून १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. पण गाव म्हणून त्याची ओळख वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या काळापर्यंत जाते. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ आज संपूर्ण मिळत नाही, पण नंतरच्या काव्यशास्त्रकारांनी त्याची आवर्जून आठवण काढली आहे. त्याचा विषय काय, तर रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणणं. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही सर्वांत देखणी लेणी कोरली गेली. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तही वत्सगुल्मच्या लोकांचा उल्लेख येतो. एवढ्यावरच वाशीमकराने थोडी मान उंच करायला हरकत नव्हती. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखर नावाचा एक मोठा पंडित कवी होऊन गेला. कनोजच्या प्रतिहार राजांकडे तो होता, पण घराणं महाराष्ट्राशी नातं सांगणारं. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रागावून घर सोडून निघतो. त्याला बांधून ठेवायला प्रेमासारखा दुसरा धागा नाही, हे जाणून गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि तिला त्याच्या मागे धाडते. दोघं आधी पूर्वेला जातात, मग पांचालात, मग अवंतीला, शेवटी दक्षिणेकडे. प्रत्येक प्रदेशात ती तिथला वेश घेते, तिथलं नृत्य करते, तिथली गाणी गाते. पूर्वेला तो तिच्याकडे फारसं लक्षच देत नाही. पांचालात थोडा वळतो. दक्षिणेत येईपर्यंत पुरता तिचा झालेला असतो. मग विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, ज्याला राजशेखर कामदेवाचं क्रीडास्थान म्हणतो, त्या दोघांचं गांधर्व पद्धतीने लग्न लागतं. काव्य आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागलं ते आपल्या वाशीमला. एखाद्या गावाला याहून मोठा मान कोणता मिळणार?

या कथेतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो, आणि वाचकांनी तो मनात ठेवूनच पुढे जावं. काव्यपुरुषाचं मन तिच्यात नसतं तेव्हा तो लांबलचक समासांनी आणि अनुप्रासांनी भरलेलं बोलतो. ती गौडी रीती. मन थोडं वळतं तसे समास आखूड होतात, ती पांचाली. आणि पूर्ण जीव जडतो तेव्हा तो समास टाकून सरळ, सोपं बोलू लागतो, ती वैदर्भी. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या एका शास्त्रकाराने सांगून ठेवलं आहे, की माणूस मनाने दूर असतो तेव्हा भाषा फुगते आणि जवळ येतो तेव्हा ती साधी होते. त्या साध्या बोलण्याला नाव मिळालं ते विदर्भाचं. आता जो तरुण आरशासमोर उभा राहून एखाद्या नायकाचे टाळीचे संवाद पाठ करतो आहे, त्याने हे ऐकलं तर त्याची बरीच मेहनत वाचेल.

कलेतल्या पात्रांकडून वागणं शिकण्याची ही रीत मराठी समाजाला नवी नाही. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्रीवेशात येत, आणि कुलीन घरांतल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसत, गजरा माळत. बाईने बाईसारखं दिसावं कसं हे एका पुरुषाने शिकवलं, आणि मराठी प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ची (१९११) भामिनी तर स्वतःच एक धडा घेते. ज्या धैर्यधराला तिने गरीब म्हणून हिणवलं, त्याच्या सैन्याच्या छावणीत ती वेश पालटून जाते आणि दागिन्यांवरची तिची नजर माणसाच्या गुणांवर येते.

बोलपट आला आणि हे सगळं अनेक पटींनी वाढलं. प्रभातच्या ‘कुंकू’ची (१९३७) गोष्ट वाचकांनी जाणून घ्यायलाच हवी. फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. ती नुसती रडत नाही. ती बोलते, प्रश्न विचारते, दार लावून घेते. शांता आपटे यांनी रंगवलेली ही मुलगी एके ठिकाणी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. त्या काळी पडद्यावर एवढ्या निर्भय आवाजात इंग्रजी म्हणणारी मराठी मुलगी पाहून प्रेक्षकांतल्या मुलींना काय वाटलं असेल, याचा अंदाज करता येतो. दोन वर्षांनी व्ही. शांताराम यांनी ‘माणूस’ काढला. १९३५च्या ‘देवदास’ने प्रेमभंग झालेल्या तरुणांपुढे दारू आणि मरणाचा कित्ता ठेवला होता; ‘माणूस’ हे त्याला दिलेलं उत्तर होतं. प्रेम हातचं गेलं म्हणून जगणं टाकून देऊ नये, असं साध्या पोलीस शिपायाच्या गोष्टीतून सांगणारं. पडद्यावरचा नायक प्रेक्षकाला काय शिकवतो, हा प्रश्न आपल्या दिग्दर्शकांना तेव्हाच पडला होता आणि त्यांनी त्यासाठी एक अख्खा चित्रपट काढला, याचा मला अभिमान वाटतो.

त्याच सुमारास अभ्यासकही जागे झाले होते. १९२७-२८मध्ये रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने देशभर फिरून सिनेमाचा लोकांवर काय परिणाम होतो याची साक्षीपुराव्यांनिशी चौकशी केली. १९३३ साली अमेरिकेत हर्बर्ट ब्लूमर या समाजशास्त्रज्ञाने ‘मूव्हीज अँड कंडक्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याची पद्धत फार साधी होती. त्याने तरुण मुलामुलींना आपापलं सिनेमा-चरित्र लिहायला सांगितलं: कुठला चित्रपट पाहिला, त्यातलं काय उचललं, आरशासमोर काय करून पाहिलं, कुणावर वापरलं. मुलांनी मोकळेपणाने लिहिलं आणि त्यातून प्रेमातल्या वागण्याचे धडे पडद्यावरून घेतले जातात हे पहिल्यांदा व्यवस्थित पुढे आलं. या क्षेत्रात येणाऱ्या नव्या वाचकाने एकच परदेशी पुस्तक वाचायचं ठरवलं, तर मी हेच सुचवीन. आपल्याकडच्या प्रेक्षकांबद्दल वाचायचं असेल, तर मुंबई आणि लंडनमधल्या तरुण प्रेक्षकांशी बोलून शकुंतला बानाजी यांनी २००६मध्ये लिहिलेलं पुस्तक आहे.

मानसशास्त्राने यात घातलेली भर थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अल्बर्ट बँडुरा याने १९६०च्या दशकात दाखवून दिलं, की मुलं समोरच्या माणसाचं वागणं उचलतात तितक्याच सहज चित्रपटातल्या माणसाचंही उचलतात. हे मारामारीबद्दल खरं ठरलं, तसंच भीतीबद्दलही. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलांना दुसरी मुलं कुत्र्याशी खेळतानाच्या छोट्या फिल्म दाखवल्या, तर त्यांची भीती कमी झाली. १९६८चा हा प्रयोग आहे. त्यानंतर १९७१मध्ये डोनाल्ड मायकेनबाउम याने एक महत्त्वाचा फरक पुढे आणला. सुरुवातीपासूनच निर्भय असलेला माणूस पाहून भित्र्याला फारसं मिळत नाही. आधी घाबरलेला, चुकलेला आणि हळूहळू सावरलेला माणूस पाहून जास्त मिळतं. वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. मोटारसायकलवरून उडी मारणाऱ्या नायकाने आपल्याला धीट का केलं नाही, याचं उत्तर त्यात आहे.

म्हणूनच माझ्या मते या अभ्यासाचा पहिला पाठ बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ (१९७६). अमोल पालेकरांचा अरुण मुंबईच्या एका कंपनीत नोकरीला आहे. बसस्टॉपवर दिसणारी प्रभा त्याला आवडते आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो रोज तिच्या मागे-मागे तिच्या ऑफिसपर्यंत जातो, मनातल्या मनात संभाषणं रचतो आणि प्रत्यक्षात खाली पाहतो. प्रभाच्या ऑफिसातला नागेश, म्हणजे असरानी, स्कूटरवाला, बोलका, प्रत्येक ठिकाणी अरुणला मागे सारणारा. शेवटी अरुण खंडाळ्याला कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग यांच्याकडे जातो. अशोककुमारांनी रंगवलेला हा कर्नल हरलेल्या पुरुषांना वागायला शिकवतो. गंमत म्हणजे त्याच्याकडे सल्ला मागायला खुद्द अमिताभ बच्चनही आलेला दिसतो! मूळ कल्पना ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ (१९६०) या इंग्रजी चित्रपटाची आणि त्यामागच्या स्टीफन पॉटरच्या मिश्कील पुस्तकांची. पण बासूदांनी ती मुंबईच्या बसस्टॉपवर इतकी रुजवली, की परकेपणा कुठे जाणवत नाही.

या चित्रपटात आपला विषय दोनदा येतो. एकदा कर्नलच्या शिकवणीत, आणि त्याआधी थिएटरात. अरुण सिनेमा पाहायला बसतो, पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमामालिनी गाणं म्हणत असतात आणि बघता बघता त्यांच्या जागी त्याला स्वतः आणि प्रभा दिसू लागतात. ते स्वप्न संपतं, दिवे लागतात, अरुण होता तसाच. धर्मेंद्राकडून त्याला काहीच शिकता आलेलं नसतं. कर्नलकडे मात्र तो टेबल टेनिस शिकतो, बुद्धिबळ शिकतो, काड्यांनी चिनी जेवण जेवायला शिकतो. क्षुल्लक गोष्टी, पण हाताने केलेल्या, चुकत चुकत जमवलेल्या. बँडुराने पुढच्याच वर्षी, १९७७मध्ये, जे मांडलं तेच हे: आपल्याला जमेल हा विश्वास मुख्यतः छोट्या-छोट्या यशांतून येतो, भाषणांतून फार थोडा. परत आल्यावर ज्या गॅरेजवाल्यांनी भंगार मोटारसायकल गळ्यात मारली होती, त्यांनाच अरुण ती परत विकतो. हा प्रसंग प्रेमाचा नाही, पण त्या दिवशी अरुणची चाल बदललेली दिसते. वाचकांनी पालेकरांचे खांदे पाहावेत. आधीचे आणि नंतरचे. संवादांकडे काही वेळ दुर्लक्ष केलं तरी चालेल.

अर्थात कर्नलच्या युक्त्या सगळ्याच शिकण्याजोग्या नाहीत. प्रतिस्पर्ध्याला अस्वस्थ करून जिंकायचं, मुलीला डावात गाठायचं, असं बरंच त्याच्या पोतडीत आहे. शेवटी अरुण डाव बाजूला ठेवतो आणि खरं बोलतो, तेव्हाच गोष्ट मार्गी लागते. पुन्हा वैदर्भीच! आणि रोज मुलीच्या मागे जाणारा अरुण आज पाहताना मला थोडं अवघडायला होतं, हेही सांगून टाकतो. १९७६च्या प्रेक्षकाला ते निरागस वाटलं. प्रभाला त्याचं मागे येणं ठाऊक असतं आणि मनातून आवडत असतं, असं चित्रपट सांगतो. प्रत्यक्षातली प्रभा काय म्हणाली असती, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.

‘छोटी सी बात’च्या पाठोपाठ सई परांजपे यांचे दोन चित्रपट पाहावेत. ‘चश्मे बद्दूर’मधले (१९८१) ओमी आणि जय हे दोघे मित्र एका मुलीकडून सपशेल फजिती करून घेतात आणि खोलीवर येऊन तिला कसं जिंकलं याच्या थापा मारतात. त्या थापा दिग्दर्शिकेने हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या विडंबनातून दाखवल्या आहेत. सिनेमातून उचललेली प्रेमकथा पोकळ कशी असते, हे सिनेमानेच इतक्या हसऱ्या चेहऱ्याने क्वचितच सांगितलं असेल. खरा सूर जुळतो तो तिसऱ्या मित्राचा, कारण धुण्याची पावडर विकायला दारात आलेल्या नेहाचं बोलणं तो नीट ऐकून घेतो. ‘कथा’ (१९८३) ही शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून आली. चाळीतला सज्जन राजाराम आणि त्याच्याकडे पाहुणा म्हणून आलेला गोडबोल्या बाशू. बाशू सगळ्या चाळीला खिशात घालतो, संध्याचं मन जिंकतो आणि पळ काढतो. आकर्षण निर्माण करण्याचं कसब आणि आकर्षणाला जागण्याची कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात कुणी बोलून दाखवत नाही, पण दिसतं. बाशूकडूनही शिकण्यासारखं आहे, असं मात्र मी म्हणेन. तो प्रत्येकाशी त्याच्या आवडीचं बोलतो. राजारामने तेवढं उचललं असतं, तर संध्याला कळायला इतका उशीर झाला नसता.

‘छोटी सी बात’पासून इथवर सगळी उदाहरणं पुरुषांची आली, आणि हा या क्षेत्राचा जुनाच दोष आहे. आकर्षणाचे धडे म्हटलं की शिकणारा मुलगा आणि समोरची मुलगी, असं गृहीत धरलं जातं. ‘सैराट’च्या (२०१६) आर्चीने ते गृहीतक मोडीत काढलं. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी, आवडलेल्या मुलाकडे सरळ नजरेने पाहणारी आणि स्वतः होऊन बोलणारी. आर्ची साकारणारी रिंकू राजगुरू ही अकलूजची मुलगी, तिच्या बोलण्यात सोलापूरकडची माती. तो चित्रपट जिथे संपतो तो शेवटही लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे आवडीनिवडीला जात आडवी येते आणि धिटाईची शिक्षा जिवावर बेतू शकते, हे विसरून कुणालाही धीट हो म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. नागराज मंजुळे यांच्याच ‘फँड्री’तला (२०१३) जब्या काळ्या चिमणीची राख टाकली की शालू वश होईल, या भाबड्या समजुतीने रानोमाळ फिरतो. त्याच्या आड लाजणं किंवा बुजणं नाही. गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर लादलेली शरम आहे. कुठली भीती सरावाने जाते आणि कुठली समाज बदलल्याशिवाय जात नाही, हा भेद अभ्यासकाने सुरुवातीलाच करायला हवा.

‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या (२०१२) शशी गोडबोलेबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला हवं. लाडू करून विकणारी पुण्याची गृहिणी, इंग्रजी येत नाही म्हणून नवऱ्याच्या आणि मुलीच्या चेष्टेचा विषय. न्यूयॉर्कला गेल्यावर ती चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात नाव घालते. तिथे एक फ्रेंच आचारी तिच्यावर भाळतो. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांनी तो धागा ज्या सभ्यपणे हाताळला आहे, त्याला तोड नाही. शशी त्याच्या कौतुकाने उजळते, ते स्वीकारते, त्याला दुखवत नाही आणि पुढेही जात नाही. आकर्षक असणं म्हणजे कुणाला मिळवणं नव्हे, स्वतःच्या नजरेत पुन्हा उभं राहणं, हे शशी साकारणाऱ्या श्रीदेवींच्या चेहऱ्यावर वाचता येतं. आपल्याकडच्या आया-मावश्यांना बसवून हा चित्रपट दाखवा आणि नंतर काही न विचारता त्यांचं बोलणं ऐका. अभ्यासाला याहून चांगली सामग्री मिळणार नाही.

इथे वऱ्हाडीचा विषय निघणं अटळ आहे. वाशीम, रिसोड, मानोरा, कारंजा, कुठलंही पोरगं पुण्याच्या कॉलेजात जातं आणि पहिल्या आठवड्यात ‘मले-तुले’, ‘काहून’ गिळायला शिकतं. चित्रपटांनी वर्षानुवर्षं नायकाला एक बोली दिली आणि गावाकडची बोली नोकराला, विनोदाला राखून ठेवली. आपल्या बोलीची लाज वाटणारा माणूस मनातलं कसं बोलणार? अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी छोट्या पडद्यावर वऱ्हाडी घराघरांत नेली याचा आनंद आहे. पण तीही विनोदाच्या वाटेनेच. वऱ्हाडीत प्रेम व्यक्त करणारा, गंभीर, देखणा नायक अजून यायचा आहे. तोवर आपल्याकडच्या जुन्या शिकवण्या विसरू नयेत. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. या भागातल्या तांड्यांवर होळीला लेंगी गीतं रंगतात. त्यांतली चेष्टा, टोमणा, उलट उत्तर ही खुल्या मैदानातली, सगळ्यांच्या देखत होणारी संवादाची तालीमच आहे. गाडगेबाबांची कीर्तनं प्रश्नोत्तरांनी चालत. समोरच्या अनोळखी घोळक्याला बोलतं कसं करावं, हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांच्यावरचा ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) हा चित्रपट त्यासाठी पाहण्याजोगा आहे.

आता नकाराचं. या क्षेत्रातला हा सर्वांत कठीण भाग आहे आणि हिंदी चित्रपटाने इथेच जास्तीत जास्त नुकसान केलं आहे. मुलगी नाही म्हणते म्हणजे अजून थोडं मागे लागायला हवं, हा धडा कित्येक गाण्यांनी चालीवर म्हणून घेतला. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पाठलागाच्या आरोपाखाली न्यायालयात उभ्या असलेल्या एका भारतीय माणसाच्या बाजूने चक्क हिंदी चित्रपटांचा हवाला दिला गेला आणि त्याची तुरुंगवारी टळली. आपल्याकडे मात्र पाठलाग हा २०१३पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये येतो आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरुण वाचकाने हे आधी वाचावं आणि गाणी नंतर ऐकावीत.

नकार शिकवणारे चित्रपटही आहेत, ते शोधावे लागतात इतकंच. शाहरुख खानचा ‘डर’ डिसेंबर १९९३मध्ये आला आणि दोनच महिन्यांनी ‘कभी हाँ कभी ना’. पहिल्यातला राहुल नकार मानत नाही आणि त्यात सगळ्यांची राखरांगोळी करतो. दुसऱ्यातला गोव्याचा सुनील खोटं बोलतो, पकडला जातो, कबुली देतो आणि अखेर मुलगी दुसऱ्याची होताना पाहतो. तो पडतो, पण पडूनही प्रेक्षकाच्या मनातून उतरत नाही. एकाच नटाने दोन महिन्यांत दोन वाटा दाखवल्या आणि भिंतींवर पोस्टर लागलं ते पहिल्याचं. नव्या वाचकाने हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत, असं मी आवर्जून सांगेन. राजशेखराच्या कथेतही साहित्यविद्या काव्यपुरुषाच्या मागे जाते खरी, पण ती त्याचा रस्ता अडवत नाही. त्याने वळायला हवं तेवढा वेळ घेतला आणि ती आपली कला मांडत राहिली.

या सगळ्याकडे पाहायचं कसं, याबद्दल दोन-चार गोष्टी सुचवतो. आवडत्या नायकापासून सुरुवात करू नका. त्याच्याबद्दल आपली नजर आंधळी असते. ज्याचं अडखळणं तुम्हाला आपलं वाटतं, असं पात्र निवडा. एखादं दृश्य आवाज बंद करून पाहा आणि कोण कुणाकडे किती वेळ पाहतं, कोण ऐकतं, कोण मध्येच तोडतं, हे टिपा. मग तेच दृश्य समोरच्या पात्राच्या बाजूने पाहा. तिला किंवा त्याला हे हवं होतं का, असं विचारा. त्यातली एखादीच लहान गोष्ट उचला, मोठी मुळीच नको. बँकेच्या खिडकीवरच्या माणसाला नाव घेऊन नमस्कार करणं, युवा महोत्सवात एकदा तरी मंचावर चढणं, वर्गात मागच्या बाकावरून एक प्रश्न विचारणं. कर्नलचं टेबल टेनिस ते हेच. ज्येष्ठ वाचकांनी आपल्या तरुणपणीचे चित्रपट पुन्हा पाहावेत. तेव्हा टाळ्या वाजवलेल्या प्रसंगांना आज आपण काय म्हणू, हे पडताळून पाहण्यात फार मजा असते आणि थोडा त्रासही.

शेवटी वाचकांना एक मागणं आहे. ब्लूमरने अमेरिकेतल्या मुलांकडून लिहून घेतलं तसं आपलं सिनेमा-चरित्र तुम्हीही लिहा. चार पानं पुरेत. पहिला चित्रपट कुठे पाहिला, कुणाबरोबर, त्यातल्या कुणासारखं व्हावंसं वाटलं, काय करून पाहिलं, काय फसलं, काय टिकलं. मुलींनी आणि बायकांनी तर लिहावंच, कारण या क्षेत्रात त्यांचा आवाज सर्वांत कमी आहे. ‘मले असं वाटलं’ म्हणून लिहा, प्रमाण मराठीसाठी थांबू नका. दुसऱ्या कुणाचं नाव मात्र त्यात घालू नका. लिहिलेलं गावच्या वाचनालयात द्या, कॉलेजच्या मराठी विभागात द्या, निदान घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा. सुमारे बारा लाख लोकवस्तीच्या या जिल्ह्यातून अशी शे-दोनशे चरित्रं जरी जमली, तरी या विषयाची खरी सुरुवात वाशीमला होईल.